बेडरूमचं मॉड्युलर कपाट छोट्या बाथरूममध्ये कसं बसवायचं

पुण्यातल्या बहुतेक टू बीएचकेमध्ये बाथरूम असतं चार बाय सात, फार तर पाच बाय आठ फूट. त्यात कमोड, बेसिन, गीझर, बादली, पाट आणि चौघांचे टॉवेल, त्यामुळे सगळं शेवटी खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसतं, शॅम्पूच्या बाटल्या, रेझर, अर्धी झालेली साबणं, कुणाची तरी मेंदीची वाटी. मग लोक शोरूममध्ये व्हॅनिटी, म्हणजे बेसिनखालचं तयार कपाट, बघायला जातात, तिथे जे मिळतं ते दोन किंवा अडीच फुटी बेसिनसकट, आपल्याकडे असते दाराच्या बाजूची दीड फुटाची भिंत आणि तिला बसेल असं काही नसतं.

आणि दुसरीकडे घरात एक जुनं मॉड्युलर वॉर्डरोब निघालेलं असतं, नाहीतर भाड्याचं घर सोडून जाणारा कुणीतरी अगदी कमी पैशात देत असतो. हे वॉर्डरोब बाथरूमला चालतं का? चालतं, पण त्यातलं सगळं नाही. त्याचा सांगाडा, भोकांची रांग, शटर (म्हणजे कपाटाचं दार), बिजागऱ्यांची जागा हे सगळं वापरण्यासारखं असतं कारण ते फॅक्टरीत मापात केलेलं असतं. वापरण्यासारखी नसते ती त्याची खोली आणि त्याचा जमिनीवर टेकलेला तळ. ह्या दोन गोष्टी बदलल्या आणि कापलेली प्रत्येक कड बंद केली तर काम होतं. कड बंद करायचा कंटाळा असेल तर सुरूच करू नका, खरंच सांगतोय.

पाणी कुठे उडतं ते आधी बघा

टेप काढायच्या आधी हे काम. सकाळी घरातल्या सगळ्यांच्या अंघोळी झाल्या की लगेच आत जाऊन बघा भिंतीवर पाणी कुठपर्यंत आलंय. बादली-मगाने अंघोळ करणाऱ्याचं पाणी शॉवरपेक्षा जास्त लांब उडतं, आणि लहान पोर असेल तर विचारूच नका. ओल्या भागाच्या कडेला पेन्सिलीने खूण करा किंवा मास्किंग टेप लावा. मग ज्या दिवशी मावशी बाथरूम धुतात त्या दिवशी परत बघा, कारण खरा हल्ला तेव्हाच होतो: बादलीभर पाणी जोरात फेकलं जातं, ब्रशने घासलं जातं आणि जमिनीपासून साधारण फूटभर भिंत पूर्ण भिजते. जेट स्प्रेच्या आजूबाजूचा भागही धरा, तो कुणी ना कुणी अर्धवट बंद करतंच.

ह्यातून तीन पट्टे पडतात. रोज भिजणारा भाग, अधूनमधून शिंतोडे येणारा भाग, आणि फक्त वाफ येणारा भाग. वॉर्डरोबचा बॉक्स फक्त तिसऱ्या भागात बसवायचा, शिंतोड्यांच्या भागात फार तर त्याची एखादी बाजू आली तर चालेल. बहुतेक बाथरूममध्ये तिसरा भाग म्हणजे दाराच्या बाजूची भिंत, कमोडच्या वरची भिंत आणि दाराच्या डोक्यावरची जागा. रोज भिजणाऱ्या भागात काहीच नको, तिथे स्टीलचं कॉर्नर शेल्फ लावा आणि विषय सोडा.

माप

सुतार इंच आणि सुतात बोलतो, फॅक्टरीचं फर्निचर मिलिमीटरमध्ये असतं, त्यामुळे एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग म्हणजे साधारण ३ मिमी हे डोक्यात ठेवा आणि शक्यतो सगळं मिलिमीटरमध्येच लिहून द्या, नाहीतर दोन माणसांमध्ये एक सूत इकडचं तिकडे होतंच.

भिंतीचं माप तीन ठिकाणी घ्या, खाली, मध्ये आणि वर, आणि सगळ्यात लहान आलेलं माप धरा. टाइल्स लावलेली भिंत ओळंब्यात असेलच असं नाही, जुन्या सोसायट्यांमध्ये तर वर-खाली दोन-तीन सूत फरक सहज निघतो. कोपऱ्यात गुनिया (काटकोन तपासायची पट्टी) लावून बघा. मग दार उघडून बघा, बाथरूमचं दार बहुधा अडीच फुटी असतं आणि आत उघडतं, ते पूर्ण उघडल्यावर कडी-हँडल कुठे येतंय तिथे खूण करा, कारण कपाट दारात अडकणं हा ह्या कामातला सगळ्यात नेहमीचा घोळ. गीझर, त्याचे पाइप, अँगल कॉक, एक्झॉस्ट, खिडकीच्या झडपा, लाइटचं बटण हे सगळं एका कागदावर काढा. फोटो काढा तो टेप भिंतीला लावलेला असतानाच काढा, म्हणजे दुकानात उभं राहून शंका आली तर घरी फोन करावा लागत नाही.

आता खोली. वॉर्डरोब साधारण २२ ते २४ इंच खोल असतं कारण हँगर आडवा बसायला तेवढी जागा लागते. बाथरूममध्ये हँगर नसतो. अंघोळीचा मोठा टॉवेल ७५ बाय १५० सेंटीमीटरचा धरला तर लांबीत तीन घड्या घातल्या की २५ सेंटीमीटर, म्हणजे १० इंच, आणि त्याची गुंडाळी केली की पाच-साडेपाच इंचाची जाड सुरळी. म्हणजे १० इंच खोली भरपूर झाली. फक्त बाटल्या आणि साबणं ठेवायची असतील तर सहा इंचही पुरतात. चार फुटी बाथरूममध्ये १० इंची बॉक्स, त्यावर १८ मिमीचं शटर आणि मागे थोडी हवा खेळायला जागा धरली तर साडेअकरा इंच गेले, तीन फुटाला जरा जास्त म्हणजे साडेछत्तीस इंच शिल्लक, माणूस आरामात वळतो. तेच २२ इंचाचं वॉर्डरोब तसंच ठेवलं तर दोन फूट उरतात, त्यात बादली ठेवली की उभं राहायचं कुठे.

तयार ३५ सेंटीमीटर खोलीची वॉर्डरोब फ्रेमही मिळते, आयकियाच्या पॅक्समध्ये ती खोली आहे आणि ५० सेंटीमीटर रुंदीही आहे. कापाकापी नको असेल तर पर्याय वाईट नाही, पण दोन गोष्टी बघा. एक, ती पार्टिकल बोर्डची आहे आणि उंची २०१ किंवा २३६ सेंटीमीटर, म्हणजे सात फुटी म्हणजे २१३ सेंटीमीटर लांब बाथरूममध्ये २३६ ची आडवी पाडून जोडता येणार नाही, बाहेर जोडून आत न्यावी लागेल, २०१ ची आडवी जेमतेम मावते. दोन, ती जमिनीवर उभी राहायची चीज आहे, तिच्या तळाचं काय करायचं ते खाली येतंच आहे.

बोर्ड कुठला आहे ते ओळखा

हे न ओळखता पुढे जाऊ नका, कारण त्यावरच ठरतं की वापरायचं की भंगारात द्यायचं. शटर काढा आणि बिजागरीचं वाटीसारखं ३५ मिमीचं भोक असतं त्यात टॉर्च मारा. आत दाणेदार, भुसा दाबल्यासारखं, बोटाने खरवडलं तर दाणे सुटतात, तर पार्टिकल बोर्ड. गुळगुळीत, एकसारखं, तपकिरी, कागदाच्या लगद्यासारखं, तर एमडीएफ किंवा एचडीएचएमआर (त्याचाच जास्त घट्ट दाबलेला, ओल सोसणारा प्रकार), ह्यात एचडीएचएमआर उचलायला लक्षात येण्याइतका जड आणि कडा जास्त घट्ट असतात. थर दिसले तर प्लाय. प्लायवर शिक्का असेल तर बघा, आयएस ७१० म्हणजे मरीन म्हणजे बीडब्ल्यूपी (पाण्याला सगळ्यात टिकणारा), आयएस ३०३ असेल तर त्यात एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (पाणी बऱ्यापैकी सोसणारा) असे दोन प्रकार येतात, एमआर हा घरातल्या कोरड्या फर्निचरचा.

मरीन प्लाय किंवा एचडीएचएमआर निघाला तर तुमचं नशीब, बिनधास्त कापा. साधा पार्टिकल बोर्ड असेल तर तो फक्त वाफेच्या भागात, कमरेच्या वर, आणि बॉक्सचा तळ मात्र दुसऱ्या मटेरियलचा करा. पार्टिकल बोर्डला पाणी वरून लागलं तर लॅमिनेट ते अडवतं, पण कडेतून शिरलं की तो चहात बुडवलेल्या खारीसारखा फुगतो आणि परत कधीच बसत नाही. एमडीएफचं तेच, फक्त जरा उशिरा. तळाकडचा भाग आधीच फुगलेला असेल, बोट फिरवून बघा, उंचवटा लागला तर तेवढा भाग कापून टाकायचा आहेच.

तळासाठी आणि जमिनीजवळच्या कुठल्याही तुकड्यासाठी पीव्हीसी फोम बोर्ड किंवा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकचा बोर्ड) घ्या. ते पाण्याने फुगत नाही. त्यात स्क्रू लाकडाइतका धरत नाही आणि लांब शेल्फ वजनाने खाली वाकतं, म्हणून पूर्ण कपाट त्याचं करायचा सल्ला कुणी दिला तरी दीड फुटापेक्षा लांब शेल्फ त्याचं करू नका. हे सगळं मटेरियल भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एका फेरीत बघून होतं, आणि पॅनल कापून कडेला पट्टी लावून हवी असेल तर तीही तिथेच चौकशी करा. बिजागऱ्या-स्क्रूसाठी बोहरी आळी. रविवारी सकाळी जाऊ नका म्हणजे झालं.

कुठल्या बाजूने कापायचं

आता मुख्य काम. समजा वॉर्डरोब तीन फूट रुंद, सात फूट उंच, २२ इंच खोल, दोन शटरचं. आपल्याला हवंय दीड फूट रुंद, पाच फूट उंच, १० इंच खोल, एका शटरचं. सुतार म्हणेल सगळं खोलून नवीनच करू. थांबवा त्याला.

खोली कापायची ती मागच्या बाजूने. समोरची कड अजिबात हलवायची नाही. कारण मॉड्युलर फर्निचरमध्ये बिजागरीच्या प्लेटची आणि शेल्फच्या पिनांची पुढची रांग समोरच्या कडेपासून ३७ मिमीवर असते, भोकं ५ मिमीची, आणि दोन भोकांमधलं अंतर ३२ मिमी. समोरून कापलं की ही सगळी रांग गेली, मग बिजागऱ्या परत मापून बसवा, शटर तिरकं येणार, भांडणं. मागून कापलं की समोरची फॅक्टरीची पट्टी, बिजागऱ्या, पुढच्या पिना सगळं जागेवर. जातं ते मागचं: पाठीच्या प्लायची खाच, मागच्या पिनांची रांग आणि मागचे मिनीफिक्स (पॅनल एकमेकांना आवळणारे गोल जोड).

त्याची भरपाई अशी करायची. पाठ खाचेत सरकवायच्या ऐवजी ६ मिमीची मरीन प्लायची पाठ मागून सरळ ठोकायची, ठोकायची म्हणजे खिळ्याने नाही, बारीक स्क्रूने, दर सहा इंचावर एक. हीच पाठ बॉक्सला गुनियात धरते, म्हणून ती बसवताना दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले पाहिजेत. मागच्या मिनीफिक्सच्या जागी ७ बाय ५० चा कन्फर्मॅट (बोर्ड जोडायचा जाड आट्यांचा) स्क्रू, आधी ५ मिमीचं भोक पाडून. साधा ड्रायवॉल स्क्रू पार्टिकल बोर्डात दुसऱ्यांदा फिरवला की सैल होतो. पिनांच्या मागच्या रांगेसाठी भोकाचं एक टेम्पलेट करा, कुठल्याही सरळ पट्टीला ३२ मिमीवर भोकं पाडून, आणि दोन्ही बाजूंना माप वरूनच घ्या, एक बाजू वरून आणि एक खालून घेतली तर शेल्फ डुगडुगणार. ड्रिलच्या बिटला १२ मिमीवर टेप गुंडाळा म्हणजे १८ मिमीच्या पॅनलमधून आरपार जाणार नाही.

उंची कापायची ती खालून, कारण फुगलेला किंवा फरशीला टेकून खराब झालेला भाग खालीच असतो. सात फुटी शटरला बहुधा चार बिजागऱ्या असतात, पाच फुटाला तीन पुरतात, फक्त खालच्या टोकापासून तीन-चार इंचावर एक नवीन ३५ मिमीची वाटी पाडावी लागेल. शटरच्या रुंदीला हात लावू नका. बॉक्सची रुंदी कमी करायची तर वरचं, खालचं पॅनल आणि शेल्फ कापा. दीड फुटी शटर असेल तर बॉक्सही दीड फूट, म्हणजे ४५७ मिमी, त्यातून दोन बाजूंचे ३६ मिमी वजा, आतली पॅनल ४२१ मिमीची. पात्याची जाडीही ३ मिमीच्या आसपास खाते, तो हिशोब कापणाऱ्याला आधी सांगा.

कापणं पॅनल सॉवरच, म्हणजे बोर्ड कापायच्या मोठ्या मशिनवरच करून घ्या, घरी हातातल्या कटरने लॅमिनेटच्या कडा उडतात. आणि मागून निघालेली जवळजवळ १२ इंचाची पट्टी फेकू नका, तिच्यात पाठीची जुनी खाच शाबूत असते, तिचं दाराच्या वरचं उघडं शेल्फ होतं, टॉयलेट पेपर, जादा साबणं, बादलीभर हँडवॉशचे पाऊच तिथे जातात.

कडा

पाणी कडेतूनच शिरतं. कापलेली प्रत्येक कड, अगदी जी दुसऱ्या पॅनलला चिकटून लपणार आहे तीसुद्धा, आधी बंद करायची. क्रम असा: १८० नंबरच्या पॉलिश पेपरने कड साफ, धूळ ब्रशने काढली, मग इपॉक्सीचा पातळ हात, बोटात प्लास्टिकची पिशवी घालून चोळला तरी चालतो, दाणेदार कड तो पिऊन घेते. सुकला की परत एक हात. दिसणाऱ्या कडेवर त्यावरून पीव्हीसीची पट्टी, समोरची असेल तर २ मिमीची, बाकी ठिकाणी ०.८ चालेल. इस्त्रीने चिकटवायची पट्टी मिळते, बेडरूमला ठीक आहे, बाथरूममध्ये कोपऱ्यातून उचकटायला लागते, शक्यतो मशिनवर लावून आणा.

मग भोकं. बिजागरीच्या वाटीच्या आत, जुन्या मिनीफिक्सच्या रिकाम्या भोकांत, हँडलच्या भोकांत, सगळीकडे इपॉक्सी. हँडलचं जुनं भोक उघडं ठेवलं तर शटर तिथूनच फुगायला सुरुवात होते, आणि हे नेमकं विसरलं जातं कारण ते बोटाएवढंही नसतं. शटर कापल्यावर एका बाजूला नवीन सनमायका लावत असाल तर दुसऱ्या बाजूलाही लावा, एकाच बाजूला लावलं की पावसाळ्यात शटरला पीळ पडतो आणि ते वरच्या कोपऱ्यात लागायला लागतं.

हार्डवेअर

जुन्या वॉर्डरोबच्या बिजागऱ्या निकलचं पॉलिश केलेल्या लोखंडी असतात. बाथरूममध्ये त्यांना गंज चढतो तो पाण्यापेक्षा अ‍ॅसिडमुळे. फरशी आणि कमोड साफ करायला जे अ‍ॅसिडवालं लिक्विड टाकतात त्याच्या वाफा बंद कपाटात जाऊन बसतात आणि चॅनल, बिजागऱ्या, स्क्रू सगळं खातात. म्हणून बिजागऱ्या एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) च्या घ्या, खरेदी करताना खिशात लोहचुंबक ठेवा, ३०४ ला तो घट्ट चिकटत नाही. प्रकार बदलू नका, जुनी सरळ हाताची असेल तर शून्य क्रँक (क्रँक म्हणजे बिजागरीच्या हाताचा बाक), अर्ध्या ओव्हरलॅपची, म्हणजे शटर बाजूच्या पॅनलवर अर्धंच चढतं अशी, असेल तर आठ, आत बसणाऱ्या शटरची असेल तर सोळा. जुनी बिजागरी दुकानात नेऊन दाखवली की प्रश्न मिटतो. आणि धुण्याच्या दिवशी कपाटाचं शटर बंद, अ‍ॅसिड टाकलं की खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट चालू, हे मावशींना एकदा नीट सांगून ठेवा.

ड्रॉवर शक्यतो नकोच. टेलिस्कोपिक चॅनलच्या गोळ्यांमध्ये ओल गेली की तो खरखरतो, शिवाय १० इंची बॉक्सला १० इंची चॅनल पाठीला टेकतो, त्याच्या खालची साइज दुकानात सहज मिळत नाही. त्याऐवजी जाळीच्या प्लास्टिक ट्रे, शेल्फवर ठेवल्या आणि ओढल्या, झालं. वॉर्डरोबची कपडे टांगायची दांडी वापरायची असेल तर १० इंचात हँगर आडवा मावत नाही, त्यामुळे ती काढा आणि बाजूच्या पॅनलला आतून दोन-तीन हुक लावा. हँडल मात्र मोठं, ओल्या हाताने धरता येईल असं. ते पुश करून उघडणारं प्रकरण ओल्या तळव्याने चकचकीत शटरवर रोज पाच ठसे ठेवतं.

भिंतीला टांगणं

फरशीला टेकवायचं नाही. बाथरूमची फरशी नाहणी ट्रॅपकडे उताराची असते, त्यामुळे टेकवलेला बॉक्स एकतर डुगडुगतो नाहीतर खाली पाचर मारावी लागते, आणि पाचर कायम ओली. बॉक्सचा तळ फरशीपासून निदान दीड फूट वर ठेवा (साधा पार्टिकल बोर्ड असेल तर आधी सांगितल्याप्रमाणे कमरेच्या वर), म्हणजे पाच फुटी बॉक्स साडेसहा फुटापर्यंत जातो आणि खाली बादली आणि पाटही सरकतो. कमोडच्या वर बसवताना तळ साडेचार फुटावर आणि खोली आठ-नऊ इंचाच्या आत, नाहीतर उठताना डोकं आपटतं. कन्सील्ड (भिंतीत लपवलेला) फ्लश टँक असेल तर त्याची प्लेट उघडून हात आत जाईल इतकी जागा मोकळीच राहिली पाहिजे.

वजनाचा अंदाज घ्या. आपल्या वरच्या मापाच्या बॉक्सला शटर, शेल्फ धरून जवळपास दोन चौरस मीटर १८ मिमीचा बोर्ड लागतो. पार्टिकल बोर्डचा असेल तर २४-२५ किलो, एचडीएचएमआर असेल तर ३० किलोच्या आसपास, वर पाठ, हार्डवेअर आणि आतलं सामान. ४५ किलो धरून चला.

आता भिंत कशाची आहे? जुन्या सोसायट्यांमध्ये वीट, तिथे साधी गिट्टी (भोकात बसवायचा प्लग) आणि स्क्रू नीट धरतात, फक्त प्लास्टर आणि टाइल सोडून गिट्टी विटेत किमान दोन इंच गेली पाहिजे. नवीन टॉवरमध्ये मायवानची (अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली) काँक्रीटची भिंत असेल तर भोक पाडताना घाम निघेल पण नंतर चिंता नाही. अवघड प्रकरण सायपोरेक्सचं, ब्लॉक हलका आणि भुसभुशीत, साधी गिट्टी त्यात गोल फिरते. त्याला ब्लॉकसाठीचे लांब नायलॉन अँकर नाहीतर केमिकल अँकर, आणि हॅमर मोड अजिबात नाही. भोकातून कुठली भुकटी येते ते बघा: लाल आली तर वीट, करडी आणि कडक तर काँक्रीट, पांढरी-राखाडी आणि पटापट निघाली तर सायपोरेक्स.

भोक पाडायच्या आधी पाइप. नळ, अँगल कॉक, डायव्हर्टर (नळ-शॉवर बदलायची खुंटी), गीझर ह्यांच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत दोन्ही बाजूला सहा इंच सोडा. बिल्डरकडून पाइपचा नकाशा किंवा टाइल लावायच्या आधीचे फोटो मिळत असतील तर उत्तम. गीझरच्या आणि बटणाच्या वायरचंही तेच, आणि ड्रिल करताना बाथरूमचा एमसीबी बंद, ड्रिल बाहेरच्या प्लगवर. टाइलवर मास्किंग टेप लावून त्यावर खूण, टाइलच्या बिटने हॅमर बंद ठेवून हळूहळू टाइल पार करायची, मग बिट बदलायचं. जमत असेल तर टाइलच्या सांध्यात. व्हिट्रिफाइड टाइल असेल तर डायमंड बिट आणि पाण्याचा शिडकावा. खाली, फूटभराच्या आत, एकही भोक नको, तिथलं वॉटरप्रूफिंग फुटलं तर खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन आणि सोसायटीचं पत्र दोन्ही येणार. प्रत्येक भोकात गिट्टी घालायच्या आधी सिलिकॉन भरा.

टांगायला सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे दोन पट्ट्यांची. १८ मिमी मरीन प्लायची चार इंची पट्टी ४५ अंशात लांबीने चिरा, एक भिंतीवर, तिरकी कड वर आणि भिंतीकडे उतरती, दुसरी बॉक्सच्या पाठीला वरच्या बाजूला उलटी. पाठीवरची पट्टी नुसत्या ६ मिमीच्या प्लायवर अवलंबून ठेवू नका, स्क्रू वरच्या पॅनलमध्ये आणि दोन्ही बाजूंमध्ये गेला पाहिजे. भिंतीवरची पट्टी लेव्हलमध्ये लावली की बॉक्स नुसता वरून अडकवायचा. खाली तेवढ्याच जाडीचे दोन ठोकळे, त्यातून दोन स्क्रू, म्हणजे कुणी शटर ओढलं तरी बॉक्स उचलला जाणार नाही. ह्यात फायदा असा की बॉक्सच्या मागे आपोआप १८ मिमी म्हणजे पाऊण इंचाची फट राहते आणि हवा खेळते. ही फट सिलिकॉनने भरू नका, फक्त बॉक्सच्या वरच्या कडेला जिथे पाणी साचू शकतं तिथे न्यूट्रल सिलिकॉनची बारीक रेघ. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आरशाच्या मागच्या पॉलिशला आणि धातूला खातं, शटरवर आरसा लावणार असाल तर ते अजिबात नको.

भाड्याचं घर असेल आणि मालक भोक पाडू देत नसेल तर मॉड्युलर किचनचे पीव्हीसीचे ॲडजस्ट होणारे पाय लावा, चार इंचाचे, प्रत्येक पाय वेगळा वर-खाली होतो त्यामुळे उतार सांभाळला जातो. पण मग बॉक्सची उंची चार फुटाच्या आत आणि जड सामान खालच्या कप्प्यात. उंच बॉक्स पायांवर आणि भिंतीला न बांधता, घरात लहान मूल असेल तर हे करूच नका.

हवा

कपाट बसलं की बाथरूमची हवा कमी होते, त्यामुळे खिडकीच्या झडपा किंवा एक्झॉस्ट झाकला जाईल अशा ठिकाणी बॉक्स नकोच. गॅस गीझर असणाऱ्या घरात तर हा जिवाचा प्रश्न आहे, बंद बाथरूममध्ये गॅस गीझरचा कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना वास ना रंग. गीझर आत असेल तर आधी तो बाहेर हलवा, कपाटाचं नंतर बघू.

बॉक्सच्या आत हवा खेळायला तळाच्या पॅनलला आणि वरच्या पॅनलला २५-३० मिमीची दोन-दोन भोकं पाडा, कडा सील करा, वर प्लास्टिकची जाळी. शेल्फ पाठीपासून एक सेंटीमीटर अलीकडे थांबवा. आत ओला टॉवेल कधीच नाही. औषधं आणि ट्रिमरही नको, वाफेने दोन्ही खराब होतात. टॉवेल सुरळी करून उभे, लिक्विडच्या बाटल्या ट्रेमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात, कारण एक तरी बाटली गळतेच.

वाघोली, उंड्री, वाकडकडे टँकर-बोअरचं पाणी असेल तर शटरवर पांढरे डाग पडतात, खडकवासल्याच्या पाण्याला तेवढा त्रास नाही. डागाला ओलं फडकं आणि लगेच कोरडं फडकं, अ‍ॅसिडवालं लिक्विड शटरवर नाही, घासणी नाही.

बसवल्यावर दोन आठवड्यांनी बिजागऱ्यांचे आणि पाठीचे स्क्रू एकदा आवळा, वजन आल्यावर थोडं बसतंच. मग जूनमध्ये पाऊस लागायच्या आधी तळाच्या कडेवरून बोट फिरवा, कुठे पट्टी सुटली असेल तर लगेच इपॉक्सी. कापताना उरलेल्या पट्टीचा वीतभर तुकडा, एक बिजागरी आणि चार पिना एका पिशवीत घालून वरच्या कप्प्यात मागे ठेवून द्या, तोच रंग आणि तीच बिजागरी दोन वर्षांनी दुकानात मिळेलच असं नाही.